गुरुवारचं पाणी

बस थांबायच्या आत क्लाइव्हनं खिडकीतून टॉवेल फडकवला. पोहायची चड्डी तो घरूनच विजारीखाली घालून आला होता. ऑल्डरक्लफपासून स्कारनेसपर्यंत चार तास तो तसाच अवघडून बसला होता, हे त्याच्या आईनं उतरल्या उतरल्या सगळ्या स्टॉपला सांगून टाकलं.

"तलावात पहिली उडी माझी," तो हेझलला म्हणाला. "गेल्या वर्षी तीन म्हणायच्या आधीच तू उडी मारलीस. मी विसरलेलो नाही."

हेझल बुटांकडे बघत राहिली. तिचा आठ वर्षांचा भाऊ रॉबिन मात्र पोटात काही ठेवणाऱ्यांतला नव्हता. "उडी मारलीस तर टाळकं फुटेल," तो म्हणाला. "पाणीच नाहीये."

क्लाइव्हचं कुटुंब दर ऑगस्टला, गिरण्यांच्या सुट्टीत, हेझलच्या आईच्या 'सी व्ह्यू' गेस्ट हाऊसमध्ये पंधरा दिवस उतरायचं. आंघोळीच्या टबवर चढून मान वाकडी केली की तिथून समुद्र दिसे, तेव्हा नावात तसं खोटं काही नव्हतं. पूर्वी या पंधरवड्यात ऑल्डरक्लफची अख्खी गल्ली इथं यायची. नऊच्या नऊ खोल्या भरायच्या आणि नाश्त्याला दोन पंगती बसायच्या. आता ती मंडळी विमानानं स्पेनला जात. तिथे म्हणे ऊन सकाळी वेळेवर हजर असतं. या वर्षी दोनच खोल्या लागल्या होत्या. एक क्लाइव्हच्या घरची आणि दुसरी एका म्हाताऱ्या बाईंची, ज्या दिवसभर विणत बसत आणि पाऊस पडला की विजयानं सगळ्यांकडे बघत.

सामान जिन्यातच टाकून तिघं किनाऱ्याकडे पळाली. समुद्राच्या पाण्याचा तो पोहण्याचा तलाव वाळूच्या कडेला होता, तीन बाजूंनी भिंत आणि एका बाजूनं पायऱ्या. एरवी सात पायऱ्या पाण्यात असत. आज चारच होत्या. उघड्या पडलेल्या भिंतीवर हिरवं शेवाळ लोंबत होतं आणि दारावर नगरपालिकेचा कागद चिकटवलेला होता. समुद्राकडच्या भिंतीला तडा गेल्यामुळे तलाव गळतो आहे, बुधवारी वीस तारखेला समिती पाहणी करून निर्णय घेईल, असं त्यावर लिहिलं होतं. निर्णय काय होणार हे हेझलनं आधीच ऐकलं होतं. नगरपालिकेचे इंजिनियर मिस्टर पिकर्सगिल गेल्या आठवड्यात कठड्यावर उभे राहून कुणाला तरी सांगत होते की वाळू भरून टाकली की मोटारी उभ्या करायला ही जागा फार झकास होईल.

पंपाच्या खोलीत विल्फ आजोबा यंत्राला कान लावून उभे होते. हे हेझलचे आईकडचे आजोबा. चौतीस वर्षं या तलावाची राखण त्यांच्याकडे होती. अर्धं गाव त्यांनी पोहायला शिकवलं होतं, तेही कमरेला दोरी बांधून आणि ती दोरी बांबूच्या टोकाला लटकवून. "बुडू देणार नाही, पण फुकट तरंगूही देणार नाही," असं म्हणत ते काठानं चालायचे आणि खाली पोरगं हातपाय झाडत असायचं. वयाची सत्तरी उलटली तरी ते कामावर होते, कारण दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं.

"गळतंय म्हणतात," आजोबा म्हणाले. "चौतीस वर्षांत ही भिंत कधी गळली नाही. पण साहेब शिकलेले आहेत, त्यांना कळत असणार."

आजी तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आजोबा हिवाळ्यातसुद्धा रोज सकाळी तलावावर येऊन बसत. घरात घड्याळ फार मोठ्यानं वाजतं, असं त्यांनी एकदा हेझलला सांगितलं होतं. तलाव बुजवला तर सकाळी उठून हा माणूस जाणार कुठं, हा विचार तिच्या मनातून हलेना. तिनं तो क्लाइव्हला सांगितला.

क्लाइव्हला कोडी आवडत. "गळती असेल तर रोज गळेल," तो म्हणाला. "आणि रोज सारखीच गळेल. मोजून बघू."

पंपानं तलाव भरायला दोन दिवस लागत. सोमवारी सकाळी पाणी काठोकाठ आलं आणि रॉबिननं पाण्याच्या रेषेवर खडूनं खूण केली. खडू त्याचा होता, म्हणून आपल्याला 'मुख्य मोजणी अधिकारी' म्हणायचं, अशी त्यानं अट घातली. हेझल म्हणाली, मुख्य अधिकाऱ्यानं आधी नाक पुसावं. पण तो कामाला चोख होता. सोमवारी संध्याकाळी, मंगळवारी सकाळी, मंगळवारी संध्याकाळी, बुधवारीसुद्धा, पाणी खुणेवरून बोटभरही हललं नाही. क्लाइव्ह सगळं वहीत उतरवत होता.

बुधवारी रात्री जेवताना क्लाइव्हची आई जुन्या गोष्टी काढून बसली. तिच्या लहानपणी पंप नव्हता. आठवडाभर तेच पाणी, शुक्रवारी नवं यायचं, म्हणून गुरुवारी तिकीट निम्मं असायचं. "पाणी इतकं गढूळ, की आपलेच पाय दिसायचे नाहीत," ती हसत म्हणाली. "आम्ही आपले गुरुवारचे गिऱ्हाईक." मोठी माणसं हसली. हेझलनं मात्र चमचा खाली ठेवला.

दर शुक्रवारी दुपारी आजोबांना तळलेला मासा आणि बटाटे नेऊन द्यायचं काम तिचं होतं. गेले तीन शुक्रवार ती पुडकं घेऊन गेली, तेव्हा तेव्हा पाणी उतरलेलं होतं. इतर वारी ते एकतर चढत असे, नाहीतर भरलेलं असे. जिन्यात गाठून तिनं हे क्लाइव्हला सांगितलं.

"भिंतीला वार कळतो?" क्लाइव्ह म्हणाला.

"भिंतीला नाही. माणसाला कळतो."

मग संशयिताची निवड सुरू झाली. क्लाइव्हच्या मते हे काम नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानदाराचं होतं, कारण मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून तोच ओरडत होता. रॉबिनचं बोट विणणाऱ्या बाईंकडे होतं. कारण विचारलं तर म्हणाला, त्या फार गप्प असतात.

गुरुवारी संध्याकाळी सहाला तलाव बंद झाला. त्याआधीच तिघं कपडे बदलायच्या नऊ नंबरच्या खोलीत शिरून बसली होती. दाराच्या फटीतून सगळा काठ दिसत होता. ऊन अजून लख्ख होतं आणि वारा गार. रॉबिननं टोमॅटोचं सँडविच आणलं होतं, त्यात वाळू होती, आणि तो ते कचकच चावत होता. क्लाइव्हनं त्याला कोपरानं ढोसलं, कारण कुणीतरी येत होतं.

आले ते आजोबा. त्यांनी फाटक आतून लावलं, टोपी खुंटीला अडकवली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. मग ते भिंतीच्या कोपऱ्यात गेले. तिथं जुनं लोखंडी चाक होतं, समुद्रात पाणी सोडायचं. दहा वर्षांपूर्वी पंप बसला तेव्हापासून त्या चाकाला हात लावायचा नाही असा हुकूम होता. ते गंजून बसलंय असंच सगळे धरून चालले होते. आजोबा पाठमोरे उभे राहिले, जरा वाकले, आणि चाक फिरलं. कुरकुरलंसुद्धा नाही. भिंतीपलीकडे वाळूवर पाण्याचा मोठा लोट पडल्याचा आवाज आला.

क्लाइव्हनं हेझलकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. ती दार ढकलून बाहेर गेली.

"आजोबा, काय करताय?"

आजोबा दचकले नाहीत. उलट खुशीत होते. "गुरुवार ना आज. घाण पाणी जाऊ दे. सकाळी खाली उतरून घासायचं, चुना मारायचा. शनिवारी दुपारच्या आत काठोकाठ भरलं पाहिजे, हेझल. चौदा गाड्या येणार आहेत. चौदा! सगळी पोरं स्टेशनातून सरळ इथं धावत येतात."

स्कारनेसचं स्टेशन बंद होऊन दहा वर्षं झाली होती. रूळ उखडले होते आणि फलाटावर आता लाकडाची वखार होती. आजोबांना हे ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात त्या वखारीतून त्यांनी फळ्या आणल्या होत्या. हेझल म्हणाली, "हो आजोबा." त्यांनी हात पुसले, टोपी घातली आणि शीळ घालत चहाला घरी गेले.

तिघंही चाकाला लोंबकळली. क्लाइव्हनं भिंतीला पाय लावून ओढलं, रॉबिननं तर दातसुद्धा आवळले. चाक तसूभर हललं नाही. खाली पाणी एक एक पायरी सोडत गेलं आणि ती बघत बसली.

"सांगायला हवं," क्लाइव्ह हळू आवाजात म्हणाला.

"सांगितलं तर त्यांना काढून टाकतील."

"अगं, पण नाही सांगितलं तर तलावच बुजवतील. मग ते राखणार काय?"

इकडे आड, तिकडे विहीर. हेझलनं दोघांकडून कुणाला न सांगायची शपथ घेतली. रॉबिन रडवेला झाला, पण त्यानं शपथ घेतली.

शुक्रवारी सकाळी आजोबांनी आल्या आल्या चाक बंद केलं. पूर्वी भरतीचं पाणी आत धरून ठेवायला ते दर शुक्रवारी हेच करत, म्हणून हात आपोआप चालले. आता किनाऱ्याची वाळू इतकी चढली होती की भरती भिंतीपर्यंत पोचतच नसे. मग ते वळले, पायऱ्या मोजल्या आणि डोकं खाजवलं. "पुन्हा गळलं," ते हेझलला म्हणाले. चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं. तिला वाटलं, खोटं बोलत असते तर बरं झालं असतं.

आईला सांगावं असं तिच्या दोनदा मनात आलं. एकदा तर ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आई रिकाम्या सात खोल्यांच्या चादरी पुन्हा घड्या घालून कपाटात ठेवत होती. कुणी झोपलंच नव्हतं, तरी कुबट वास लागू नये म्हणून ती त्या दर आठवड्याला काढायची. हेझल तशीच मागे फिरली. शनिवार, रविवार, सोमवार गेले. जेवण जाईना. आई म्हणाली, ऊन बाधलं असेल, आणि खिडकीबाहेर पाहून स्वतःच हसली.

हेझलचा एक बेत होता. भिंतीला तडा नाही एवढंच सिद्ध करायचं. बाकीचं कुणी विचारणार नाही. क्लाइव्ह म्हणाला, विचारतील. ती म्हणाली, मोठी माणसं एवढा विचार करत नाहीत. मिस्टर पिकर्सगिलपुरतं ते खरंही होतं.

बुधवारी दहा वाजता समिती आली. या खेपेला पाहणी होईपर्यंत पंप लावू नये असा नगरपालिकेचा हुकूम होता, त्यामुळे तलाव भरलेला नव्हता. चार माणसं आणि पुढे अध्यक्षा मिसेस आर्मिटेज, जाडजूड बाई, पायांत गमबूट. मिस्टर पिकर्सगिल मात्र चकचकीत बूट घालून आले होते आणि कठड्यावरूनच छत्रीनं दाखवत होते. "तो पाहा तडा. चांगला चार हात लांब. इथून स्वच्छ दिसतो."

रॉबिन हात वर करून उभा राहिला. शाळेत तो कधी हात वर करत नसे. "साहेब, तुम्ही खाली उतरून बघितलंत?"

"त्याची गरज नव्हती, बाळ."

मुख्य मोजणी अधिकारी पायऱ्या उतरून गेला, भिंतीपाशी गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्यानं वाळूचं फावडं त्या काळ्या रेषेवरून ओढलं. तडा सोलून हातात आला. ते नुसतं डांबर होतं, कुठल्यातरी जहाजातून गळून आलेलं, आणि मागची भिंत अखंड होती. समितीतला एक गृहस्थ खोकल्याचं निमित्त करून हसला. मग क्लाइव्हनं खडूच्या खुणा आणि वही दाखवली. सोमवार ते बुधवार पाणी हललेलं नाही, कोणतीही भिंत शुक्रवार बघून गळत नाही, हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की मिस्टर पिकर्सगिलना छत्री कुठं ठेवावी कळेना.

मिसेस आर्मिटेजनी वही दोनदा वाचली. "शाबास," त्या म्हणाल्या. "आमच्या पगारी माणसांपेक्षा तुम्हीच बरे. पण मग मला सांगा, पाणी जातं कुठं?"

क्लाइव्हनं वही मिटली. रॉबिननं फावड्याकडे पाहिलं. आजोबा काठावर टोपी हातात धरून उभे होते आणि त्यांनाही उत्तर हवं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

"मी सोडते," हेझल म्हणाली. चाक आपल्याच्यानं हलत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तरी तोंडातून शब्द निघून गेले. "दर गुरुवारी. चाक फिरवून. गंमत म्हणून."

मिस्टर पिकर्सगिलना बुडत्याला काडी मिळावी तसं झालं. ते म्हणाले, मग फिरवून दाखव. ती चाकापाशी गेली आणि तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. सगळे बघत होते. तळहात सोलले, डोळ्यांसमोर काजवे चमकले, चाक जागचं हललं नाही.

"अगं, तसं नाही," आजोबा म्हणाले. "हाताला लागेल."

ते पुढं आले आणि त्यांनी तिला हळूच बाजूला केलं. डाव्या पायानं त्यांनी भिंतीच्या बुडाशी वाळूत झाकलेली खीळ दाबली. दोन्ही हात चाकावर पडले, नेमके जिथं रंग झिजला होता तिथं. चाक अडीच वेळा फिरलं. पलीकडे पाणी कोसळलं.

आजोबा थांबले. त्यांनी हात उलटे करून पाहिले. बोटांना ताजं तेल लागलं होतं. त्यांनी ते अंगठ्यानं चोळून पाहिलं.

"आज गुरुवार आहे का?" त्यांनी विचारलं.

"बुधवार आहे, आजोबा."

"हं." त्यांनी चाक उलटं फिरवून बंद केलं. मग मिसेस आर्मिटेजकडे वळले. "पोरगी खोटं बोलतेय, बाई. पाणी मी सोडतो. मला आठवत नाही, पण मीच सोडतो. हे तेल दुसरं कोण घालणार?"

पिकर्सगिल काहीतरी बोलायला लागले, तेव्हा मिसेस आर्मिटेजनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या स्वतः याच तलावात, याच माणसाच्या बांबूला लटकून पोहायला शिकल्या होत्या. त्या तिथंच पायरीवर बसल्या, कोटाची पर्वा न करता, आणि मग एकेक गोष्ट सांगत गेल्या. तलाव बुजवायचा नाही. निदान यंदा तरी नाही, आणि पुढच्या वर्षीही आपण भांडू. या तीन मुलांनी गावावर उपकार केले आहेत आणि हे समितीच्या कागदात लिहिलं जाईल. चाकाला मात्र कुलूप लागेल. तलावावर दुसरा माणूस नेमावा लागेल, कारण इथं मुलं पोहतात आणि राखणदाराला वार माहीत असावाच लागतो.

"आता तुम्हाला बक्षीस काय देऊ?" त्यांनी विचारलं.

रॉबिन म्हणाला, आइस्क्रीम, दोन गोळ्यांचं. क्लाइव्हनं नको म्हटलं.

"आजोबांना राहू द्या," हेझल म्हणाली. "मी रोज त्यांना वार सांगत जाईन."

मिसेस आर्मिटेजनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ते सोडून काहीही माग, बाळ."

समिती गेली. क्लाइव्ह रॉबिनला घेऊन आइस्क्रीमच्या गाडीकडे गेला, कारण कधी निघून जावं हे त्याला कळत असे. हेझल आणि आजोबा काठावर पाय सोडून बसले. उरलेलं पाणी वाऱ्यानं बारीक थरथरत होतं. एवढ्या मोठ्या तलावात कुणीच नव्हतं. दूर किनाऱ्यावर एक कुटुंब कोट घालून, वाऱ्याकडे पाठ करून चिप्स खात होतं.

"तुला कधी कळलं?" आजोबांनी विचारलं.

"गेल्या गुरुवारी."

त्यांनी बोटांवर मोजलं. चुकलं, म्हणून पुन्हा मोजलं. "सहा दिवस. सहा दिवस पोटात ठेवलंस, आणि आज सगळ्यांसमोर अंगावर घेतलंस?"

तिनं तळहात मांडीखाली लपवले.

"चौतीस वर्षं मी इथं बसतोय," आजोबा म्हणाले. "काम एकच. कोण बुडतंय ते बघायचं. ओरडणाऱ्याकडे नाही बघायचं, तो बुडत नसतो. गप्प असतो त्याच्याकडे बघायचं. एकही पोर मी जाऊ दिलं नाही. आणि माझी नात सहा दिवस माझ्यासमोर गटांगळ्या खात होती, ते मला दिसलं नाही." त्यांनी तेलकट हात विजारीला पुसला आणि तिचा सोललेला तळहात त्यात घेतला. "बाई बरोबर बोलल्या. आता मी इथं बसू नये."

हेझलला तेव्हा रडू आलं, मोठ्यानं, लहान मुलासारखं. आजोबांनी तिला गप्प केलं नाही. तिचं रडून होईपर्यंत ते तिचा हात धरून बसले, आणि मग दोघं चहाला घरी गेली.